चाळीस शब्दांत भूमिका

"तुला लिहिता येतं हे चार लोकांत कळू देऊ नकोस," असं तिच्या आईनं तिला सासरी पाठवताना बजावलं होतं. अशा वेळी इतर आया काय सांगतात ते सगळ्यांना ठाऊक आहे: जपून राहा, तब्येतीला सांभाळ, पोचल्यावर फोन कर. हिच्या आईनं फक्त एवढंच सांगितलं. आई एका कचेरीत एकतीस वर्षं टंकलेखक होती. त्या एकतीस वर्षांत तिनं स्वतःचं काम सांभाळून असंख्य रजेचे अर्ज, सात बदल्यांविरुद्धच्या विनंत्या, दोन प्रेमपत्रं आणि एका साहेबांना निरोप देण्याचं भाषण लिहून दिलं होतं. ते भाषण वाचून साहेब इतके गहिवरले, की त्यांनी सहा महिन्यांची मुदतवाढ मागितली. "चांगला स्वयंपाक येतो हे कळलं तर लोक जेवतात आणि घरी जातात," आई म्हणाली होती. "चांगलं लिहिता येतं हे कळलं तर ते घरी जातच नाहीत."

ती हसली होती. राज्यशास्त्रात एम.ए. झालेल्या मुली असल्या इशाऱ्यांना हसतात.

पुढे चार वर्षं ते कुणाला कळलं नाही, कारण लिहायची वेळच आली नाही. मग छकुली झाली आणि इमारतीत तिला 'छकुलीची आई' हे नाव पडलं. ग्रंथालयातल्या नोकरीवरून रजा घेऊन ती चौदा नंबरच्या घरात बसली आणि एका वहीत छकुलीची नोंद ठेवू लागली. दूध किती, झोप किती, ताप किती. ताप नसला तर 'ताप नाही' असं वेळेसकट. शिंकांना वेगळा रकाना होता. नवऱ्यानं एकदा वही चाळून विचारलं, "यात 'शिंक, पण बहुधा माझी' असं काय लिहिलंयस?" तर ती म्हणाली, "खात्री नव्हती."

घात झाला तो पाण्याच्या टाकीमुळे. गच्चीवरच्या टाकीचं झाकण कुणीतरी उघडं ठेवत होतं. चेअरमनांनी तीनदा सूचना लावून पाहिली, उपयोग शून्य. छकुली तेच पाणी पिणार या धास्तीनं हिनं एका दुपारी स्वतःच चार ओळींची सूचना लिहिली आणि जिन्याखालच्या फळ्यावर लावली. संध्याकाळपर्यंत झाकण बंद झालं आणि तीन वेगवेगळ्या गृहस्थांनी चेअरमनांकडे जाऊन गुन्हा कबूल केला. झाकण उघडं ठेवणारा एकच होता. उरलेले दोघे नुसते सूचना वाचून खचले होते.

त्याच आठवड्यात मीटरकाकांनी तिची बेल वाजवली.

मीटरकाका नऊ नंबरमध्ये एकटे राहत. छत्तीस वर्षं त्यांनी घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचं रीडिंग घेतलं होतं, आणि ती सवय अंगात इतकी मुरली होती की ते कुणाचीही बेल एकदाच वाजवत, दोन पावलं मागे सरत आणि खिशातून छोटी डायरी काढून उभे राहत. त्या दिवशी डायरीबरोबर एक लांबलचक छापील फॉर्मही होता.

"सूनबाई, जरा काम होतं," ते म्हणाले. "मी विधानसभेला उभा आहे."

ती उंबऱ्यातच थबकली. तिला आधी वाटलं, ते उभे आहेत हे सांगतायत, म्हणून तिनं खुर्ची पुढे केली. मग उलगडा झाला. काकांनी खरोखरच अपक्ष म्हणून अर्ज भरला होता. निवडणूक कचेरीतल्या कारकुनानं तो तीनदा परत केला. पहिल्यांदा फोटोत चष्मा चमकत होता म्हणून. दुसऱ्यांदा व्यवसायाच्या रकान्यात 'रीडिंग' लिहिलं म्हणून. तिसऱ्यांदा पत्नीच्या मालमत्तेचा रकाना कोरा सोडला म्हणून. तिथे 'लागू नाही' लिहा, असं कारकून म्हणाला. काका बाकावर अर्धा तास पेन धरून बसले आणि शेवटी त्यांनी 'हयात नाही' असं लिहिलं. दोन्हींत फरक काय, असं कारकुनानं विचारलं. काकांनी सांगितलं नाही.

चिन्ह मिळालं कात्री. आयुष्यभर विजेच्या खात्यात काढलेल्या माणसाला कात्री. पुढे प्रचारात लोकांना वाटू लागलं की मत दिलं नाही तर हा वीज तोडणार. पण ते पुढचं.

आत्ताचा प्रश्न फॉर्मचा होता. 'जागरूक मतदार मंच' नावाच्या संस्थेनं सगळ्या उमेदवारांना तो पाठवला होता. वर शीर्षक: 'सामाजिक व आर्थिक प्रश्नांवरील उमेदवाराची भूमिका'. खाली बत्तीस प्रश्न. प्रत्येकापुढे 'सहमत', 'असहमत', 'सांगता येत नाही' अशा तीन चौकटी आणि कारण लिहायला जागा, साधारण चाळीस शब्द. तळाशी बारीक अक्षरांत: उत्तर कोरे सोडल्यास 'या उमेदवाराला भूमिका नाही' असे छापण्यात येईल.

"टाकीची सूचना तुम्हीच लिहिलीत ना?" काकांनी विचारलं.

आईचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. पण छकुली तेवढ्यात काकांचं बोट धरून त्यांच्या डायरीचा कोपरा चावू लागली होती, आणि काका डायरी ओढून घेत नव्हते. "बसा," ती म्हणाली.

पहिलाच प्रश्न होता: आपण निवडणूक का लढवत आहात?

"ते सोडा. 'जनसेवा' लिहा," काका म्हणाले.

"एक शब्द झाला. आणखी एकोणचाळीस हवेत."

काकांनी डायरी मिटून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "छत्तीस वर्षं मी रोज साठ-सत्तर दारांची बेल वाजवली. आता नवीन मीटर आपलं रीडिंग आपणच कळवतात. माझ्या जागेवर दुसरा कुणी आलाच नाही. ही गेल्यावर वाटलं, कुणाकडे जाऊन बसावं. पण जाणार काय म्हणून? दार उघडलं की लोक विचारणारच, काय काम होतं? उमेदवाराला तसं कुणी विचारत नाही. त्याला दार वाजवायचा हक्क असतो, पंधरा दिवस का होईना."

"हे लिहू?"

"नको नको. जनसेवाच लिहा."

तिनं जनसेवेवर चाळीस शब्द लिहिले. पण खरं उत्तर कानात राहिलं. हा माणूस निवडून यायला नाही, आत यायला उभा होता.

पुढे चौथा प्रश्न: बेरोजगारी. काकांनी डायरी उघडली. इथे सांगायला हवं, की इमारतीचे सोळाही मीटर जिन्याखाली एका लाकडी कपाटात होते, कपाटासमोर काकांनी स्वतःचं एक स्टूल ठेवलं होतं, आणि निवृत्त होऊनही ते दिवसातून चार वेळा तिथे बसून सोळा आकडे उतरवून घेत. का, असं कुणी विचारलं नव्हतं. लोकांना वाटे, काकांना पायऱ्या चढताना दम लागतो.

"एका मीटरवर," काका म्हणाले, "पाच महिन्यांपासून साडेदहानंतर आकडा चढतोय. पूर्वी त्या घरात दिवसा कुणी नसायचं. आता तिथला माणूस नऊला बॅग घेऊन निघतो आणि साडेदहाला परत येतो."

"काका, ही भूमिका नाही."

"भूमिका मोठी माणसं घेतात, सूनबाई. आम्ही रीडिंग घेतो."

तिनं हरप्रकारे समजावून पाहिलं. सरकारनं काय करावं ते सांगा, उद्योग आणावेत का, भत्ता द्यावा का. काका प्रत्येक वेळी मान हलवत आणि डायरीचं पान उलटत. महागाई? "पूर्वी संध्याकाळी सगळ्या खोल्यांत दिवे असायचे. आता सगळी माणसं एकाच खोलीत बसतात. लोक म्हणतात, घरात जिव्हाळा वाढला." यांत्रिकीकरण? "नवे मीटर चांगले आहेत. चुकत नाहीत. फक्त पाणी मागत नाहीत." ज्येष्ठ नागरिकांची सुरक्षा? "एका घरात टीव्ही दिवसभर चालतो. आजींना ऐकू येत नाही." मग टीव्ही कशाला? "घरात काहीतरी हलताना दिसावं म्हणून."

प्रश्न अकरा, स्त्री-पुरुष समानता, इथे मात्र काकांनी डायरी न बघता उत्तर दिलं. मीटरवर एक लाल दिवा असतो, ते म्हणाले. नुसता पंखा असेल तर सावकाश लुकलुकतो. इस्त्री लागली की धापा टाकतो. एका घरातला दिवा रोज सकाळी साहेब फिरायला गेले की धापा टाकतो आणि साहेब परत यायच्या आत शांत होतो.

एव्हाना तिच्यातली राज्यशास्त्राची विद्यार्थिनी जागी झाली होती. पाच वर्षं तिनं जी जाडजूड पुस्तकं वाचली, त्यांतल्या एकाही लेखकानं जिन्याखाली स्टूल टाकलेलं नव्हतं. तिनं पेन उचललं आणि लिहिलं:

'समानतेवर बोलणं सोपं आहे. ज्या घरातले गृहस्थ फिरायला निघताच इस्त्री सुरू होते आणि परत येण्याआधी बंद होते, त्या घरात इस्त्री कोण करतं हे मीटरला कळतं, गृहस्थांना कळत नाही. या प्रश्नावर माझी भूमिका मीटरच्या बाजूची आहे.'

काकांनी दोनदा वाचून घेतलं. "हे मी म्हणालो?"

"तुम्हीच म्हणालात."

"बरं बोलतो मी," काका म्हणाले.

तेविसावा प्रश्न माता व बालकांच्या आरोग्याचा होता. तोवर तिचा हात भराभर चालू लागला होता. काका सांगत होते आणि ती उतरवत होती: 'एका घरात दुपारी एक ते तीन काहीच चालत नाही. भर उन्हाळ्यात पंखासुद्धा बंद. त्या घरात आजारपण नाही, वीज तोडलेली नाही. तिथे कुणीतरी एकटं बसून बाळाचा श्वास ऐकत असतं. पंख्याच्या आवाजात तो ऐकू येत नाही.' पूर्णविराम दिल्यावर तिचा हात थांबला. तिनं शब्द मोजल्यासारखं केलं. काका डायरीत बघत होते.

"चाळीसच्या वर गेलं असेल," ती म्हणाली.

"राहू दे," काका म्हणाले.

फॉर्म पाठवण्याआधी घरच्यांचा सल्ला घ्यावा म्हणून तिनं तो जेवणाच्या टेबलावर ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सगळ्याला 'होय' लिहून टाक. मी आयुष्यभर तेच केलं." नवऱ्यानं पहिलं पान बघितलं, शेवटचं बघितलं आणि विचारलं, "आपलं नाव कुठे नाही ना?" जिन्यात सहा नंबरचे निवृत्त प्राध्यापक भेटले. प्राध्यापक कुठलंही वाक्य 'मूलतः' या शब्दानं सुरू करत, मग ते दुधाच्या पिशवीबद्दल का असेना. "मूलतः, भूमिका ही भिंतीसारखी नसावी, पडद्यासारखी असावी," ते म्हणाले. "गरज पडेल तशी सरकवता आली पाहिजे. समानतेवर काय लिहिलंय? मी त्यावर सतरा व्याख्यानं दिली आहेत." ती म्हणाली, छापून आल्यावर वाचा. हे तिनं केवळ नम्रपणानं म्हटलं होतं, त्यात खोच नव्हती. पण हे आता कुणाला पटायचं नाही.

तिला स्वतःला एकाच गोष्टीचा अभिमान होता: बत्तीस उत्तरांत तिनं कुठेही नाव घातलं नव्हतं, घराचा नंबर घातला नव्हता, मजला घातला नव्हता. तीनदा तपासलं होतं.

दोन दिवसांनी मंचाच्या बाईंचा फोन आला. "उत्तरं मिळाली. पण यात धोरण कुठे आहे?"

"शेवटच्या ओळीत असतं," ती म्हणाली.

"'माझी भूमिका मीटरच्या बाजूची' हे सहमतमध्ये टाकू की असहमतमध्ये?"

"सांगता येत नाही."

"ठीक आहे, ती चौकट आहे," बाई म्हणाल्या आणि टाइप करण्याचा आवाज आला. "आणि उमेदवाराचा पूर्ण पत्ता कळवा. प्रत्येक उत्तराच्या वर छापतो आम्ही."

तिनं पत्ता सांगितला. स्पष्ट उच्चारात, इमारतीच्या नावासकट. नाव, नंबर, मजला, सगळं तीनदा तपासणारी ही बाई. आपल्या तोंडानं बत्तीस उत्तरांवर इमारतीचं नाव टाकून मोकळी झाली आणि छकुलीला दूध पाजायला गेली.

पुस्तिका रविवारी सकाळी सगळ्यांच्या पत्रपेट्यांत पडली. इतर तेरा उमेदवारांच्या भूमिका इतक्या सारख्या होत्या, की दोघांची पानं अदलाबदल झाल्याचं मंचाच्यासुद्धा लक्षात आलं नव्हतं. साहजिकच लोकांनी वाचलं ते काकांचं पान. दहा वाजेपर्यंत इमारतीतली बोलणी बंद झाली. अकराला चौदा नंबरची बेल वाजू लागली.

इस्त्री एका घरातली होती. ती अंगावर घेतली पाच घरांनी. पाच गृहस्थ एकामागून एक येऊन सांगून गेले, की तो मी नव्हे, आणि फिरायला जाणं हा गुन्हा नाही. पाचवे आले तोवर त्यांच्या बायकांनी खाली फाटकाशी एकत्र येऊन उद्यापासून आपणही फिरायला जायचं ठरवलं होतं. प्राध्यापक सर्वांत शेवटी आले. "मूलतः, मला वैयक्तिक काहीच म्हणायचं नाही," ते म्हणाले. "माझा आक्षेप वाक्यरचनेला आहे." वाक्यरचनेवर ते पंधरा मिनिटं बोलले आणि जायला वळले, तेव्हा त्यांच्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग दिसला. तिनं डाग पाहिला नाही असं दाखवलं. त्यांनीही तिनं पाहिला नाही असं मानलं.

सोमवारी पावणेअकराला दहा नंबरचे गृहस्थ आले. "तो बॅगवाला मी नाही," ते म्हणाले. हातात बॅग होती. तिनं पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी बॅग खाली ठेवली आणि खालच्या आवाजात विचारलं, "हिनं वाचलं असेल का हो?"

त्यांच्या बायकोनं वाचलं होतं. बायकोला ते पहिल्या आठवड्यापासून ठाऊकही होतं. फक्त त्यांनी सांगितलं नव्हतं म्हणून तिनं विचारलं नव्हतं, आणि पाच महिने रोज न चुकता डबा भरून दिला होता. हे पुढे कळलं. त्या दिवशी ते नुसतेच पाणी पिऊन गेले आणि बॅग विसरले.

हे सगळं तिनं सहन केलं असतं. पण लोकांनी तिला बोलून झाल्यावर राग काढला तो काकांवर. टेहळणी करतो म्हातारा, असं ठरलं. मंगळवारी तातडीची सभा झाली आणि तीत एकमतानं ठराव झाला, की मीटरच्या कपाटाला कुलूप लावावं, किल्ली चेअरमनांकडे राहावी आणि समोरचं स्टूल हलवावं. एकमत म्हणजे पंधरा घरांचं. काका बोलायला उठले, तर चेअरमन म्हणाले, "तुमची भूमिका छापून आली आहे." ठरावाचा मसुदा नीट जमेना, तेव्हा कुणीतरी म्हणालं, छकुलीच्या आईला सांगा, ती चांगलं लिहिते. तिनं नकार दिला. त्या घरात आल्यापासून तिनं दिलेला हा पहिलाच नकार होता, आणि सासूबाई बराच वेळ तिच्याकडे बघत होत्या.

प्रचाराचे सहा दिवस उरले होते. काका रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून निघत. बेल एकदा वाजवत, दोन पावलं मागे सरत. दाराच्या भिंगामागे सावली येई आणि जाई. काही घरांतून तर बेल वाजताच दिवे-पंखे बंद होऊ लागले. छकुलीला कडेवर घेऊन ती दोन दिवस त्यांच्याबरोबर फिरली. एका दाराशी आतून बाई ओरडल्या, "घरात कुणी नाही!" काकांनी डायरीत तशी नोंद केली. ज्या पंधरा दिवसांसाठी हा माणूस उभा राहिला होता, त्या पंधरा दिवसांत होती तीही दारं बंद झाली, आणि ती बंद केली तिच्या सुवाच्य अक्षरानं.

याच सुमारास आईचं भाकीत शब्दशः खरं ठरलं. पुस्तिकेतली भाषा पाहून एका बड्या उमेदवाराचा माणूस जीपमधून आला. "ताई, आमच्या साहेबांची भूमिकासुद्धा लिहून द्या."

"कशावर?"

"कशावरही चालेल. साहेबांचं कशावरच काही म्हणणं नाही."

दुसऱ्या दिवशी आणखी दोघांची माणसं आली. तिनं आईला फोन केला. आई सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "मी भाषण लिहिलं होतं त्या साहेबांनी मुदतवाढीनंतर पुन्हा निरोप समारंभ केला. ते भाषणही मीच लिहिलं."

निकाल लागला. चौदा उमेदवारांत काका तेरावे आले. चौदाव्यानं माघार घेतली होती, पण त्याचा कागद उशिरा पोचला. काकांना मतं पडली बावीस.

आता इमारतीतली माणसं काही वाईट नव्हती. बावीस हा आकडा ऐकल्यावर प्रत्येकाला आपलं न उघडलेलं दार आठवलं. जो तो जिन्यात काकांना गाठून सांगू लागला, की मी तुम्हालाच दिलं. तेरा नंबरच्या बहिऱ्या आजींनी तर हाताच्या बोटांची कात्री करून दाखवली. काकांनी सगळ्यांचे आभार मानले. त्यांच्या डायरीत मत दिल्याचं सांगणाऱ्यांची संख्या एकतीस झाली, तेव्हा ते घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. छत्तीस वर्षांत त्यांनी चुकीचं रीडिंग घेतलं नव्हतं. एकतीस आणि बावीस यांचा मेळ त्यांना घालता येईना.

दोन दिवस नऊ नंबरचं दार उघडलं नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण लक्षात येण्याचं काम ज्या माणसाकडे होतं तोच आत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती छकुलीला घेऊन जिना उतरत होती. कपाटाच्या फळ्यांत बोटभर फटी होत्या. ती सहज वाकली. आत सोळा लाल दिवे लुकलुकत होते. एक आजींच्या टीव्हीचा, एकसारखा. एक धापा टाकत होता. प्राध्यापक आता दुपारी स्वतःच इस्त्री करू लागले होते. खालून नववा दिवा तिनं शोधला. तो लागलेलाच दिसेना. ती बघत राहिली. छकुलीनं तिच्या केसांना दोनदा हिसडा दिला, तेवढ्या वेळात तो एकदा लुकलुकला.

ती आली तशी वर गेली. नऊ नंबरची बेल तिनं एकदाच वाजवली आणि दोन पावलं मागे सरली.

खूप वेळानं दार फटीएवढं उघडलं. दाढी वाढलेली. "काय काम होतं?" काकांनी विचारलं.

चाळीस शब्द वाटेल तेव्हा लिहिणाऱ्या बाईला त्या क्षणी एक शब्द सुचेना. सॉरी म्हणावं? पुस्तिकेबद्दल बोलावं? शेवटी छकुलीची वही तिच्या पिशवीतून डोकावत होती, ती तिनं बाहेर काढली, पेन उघडलं आणि म्हणाली, "रीडिंग घ्यायला आलेय."

काकांनी वहीकडे पाहिलं. मग त्यांनी दार पूर्ण उघडलं, बाजूला सरले आणि आजवर हजारो दारांत त्यांना जे विचारलं गेलं होतं, ते त्यांनी विचारलं.

"पाणी घेणार?"

आत पंखा बंद होता, टीव्ही बंद होता. त्यांनी तिच्यासाठी पंखा लावला. छकुलीनं डायरीचा उरलेला कोपरा चावायला घेतला. वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे: 'दूध, दोनदा. ताप नाही. काका, पंखा एकवर, चहा घेतला, बिस्किटं तीन.'

त्यानंतर ती रोज दुपारी जाऊ लागली. कधी काकाच तिच्याकडे येऊन बसतात, तेव्हा तिच्या घरीही एक ते तीन आता पंखा चालू असतो. छकुलीचा श्वास ऐकायला दोघं असले की आळीपाळीनं जवळ जाऊन ऐकता येतो. पण येत्या सोमवारी तिची रजा संपते आहे, आणि दुपारी ती ग्रंथालयात असेल. म्हणून तिनं आईच्या सल्ल्याविरुद्ध आणखी एकदा पेन हातात घेतलं. जिन्याखाली, कुलूपबंद कपाटाशेजारच्या फळ्यावर तिनं लावलेली सूचना जशीच्या तशी खाली दिली आहे. चाळीस शब्दांत ती बसली नाही. तिनं बसवायचा प्रयत्नही केला नाही.

'सोमवारपासून नऊ नंबरची बेल रोज दुपारी कुणीतरी वाजवायची आहे. सोमवार प्राध्यापकांनी घेतला आहे, शर्टाची इस्त्री झाल्यावर. मंगळवारी तेरा नंबरच्या आजी जातील. दोघांना बोलण्याची गरज पडणार नाही. बुधवारी आणि शुक्रवारी दहा नंबरचे गृहस्थ. ते सध्या दुपारी घरी असतात आणि बॅग न घेता येतील. शनिवार-रविवार मी आहे. गुरुवार अजून कुणी घेतलेला नाही. हे आपण वाचत असाल आणि गुरुवारी या बाजूला आलात, तर कृपया जरा डोकावून या. बेल एकदाच वाजवा. दोन पावलं मागे सरून उभे राहा. दार उघडायला वेळ लागतो, निघून जाऊ नका. काय काम म्हणून विचारलं, तर रीडिंग घ्यायला आलो म्हणा. पाणी विचारतील. घ्या.'